खानापूरच्या वखारीतील साग आणि ऐन

घराच्या चौकटींसाठी ऐन आणि दारांसाठी साग, अशी दोन्ही लाकडे आम्ही खानापूर परिसरातील एका वखारीतून घेतली. सागाबद्दल समाधान आहे. ऐनाच्या वाळवणीबद्दल नाही.

सागाच्या ओंडक्याच्या आडव्या छेदात वाढीची वलये साध्या डोळ्यांनाही स्पष्ट दिसत होती, कारण हंगामाच्या सुरुवातीला तयार होणाऱ्या लाकडातील वाहिन्या, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, मोठ्या असतात आणि वलयाच्या कडेला त्यांची रांग लागते. गाभा सोनेरी तपकिरी, हाताला किंचित तेलकट आणि कातड्यासारख्या वासाचा होता. सागाच्या नावाखाली दुसरे काही गळ्यात मारलेले नव्हते. काही फळ्यांच्या कडेला मात्र पांढुरके रसकाष्ठ, म्हणजे गाभ्याबाहेरचे सालीलगतचे लाकूड, राहिले होते. वाळवीला दूर ठेवणारी द्रव्ये मुख्यतः गाभ्यातच साठत असल्याने हा भाग टिकत नाही, तरीही मोजणीत तो त्याच दराने धरला होता. हरकत घेतल्यावर त्यांनी तो कापून घनफूट कमी केले, हे नमूद करायला हवे.

ऐन, म्हणजे कानडी गिऱ्हाइकांची मत्ती, अधिक जड असते: 12 टक्के आर्द्रतेला सागाचे वजन घनमीटरला सुमारे 650 किलो भरते, तर ऐनाचे 850 च्या आसपास. त्याच्या वाहिन्या विखुरलेल्या असल्याने वलये ठळक दिसत नाहीत, पण गाभ्यातील गडद रेघा देखण्या असतात. सागातील सिलिकानेही, म्हणजे वाळूसारख्या कठीण कणांनीही, पाते बोथट होते. ऐनापुढे मात्र आमच्या सुताराने रंध्याला धार लावता लावता वखारवाल्यांचा यथेच्छ उद्धार केला.

खरी तक्रार पुढे आहे. लाकूड वलयांच्या दिशेने जेवढे आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडून सालीकडे आकसते, आणि या फरकामुळे ते तडकते व वाकते. सागात हे आकसणे मुळातच कमी असते, ऐनात बरेच जास्त. असे असूनही येथे ऐनाच्या फळ्या मधे पट्ट्या न घालता एकावर एक रचलेल्या होत्या, टोकांना रंग नव्हता आणि अनेक टोकांना चिरा पडल्या होत्या. आर्द्रता मोजण्याचे मीटर मागितले, तर मालकांनी हसून फळीवर टिचकी वाजवून दाखवली. शेवटी पट्ट्या घालून सावलीत फळ्या रचण्याचे काम आम्हालाच करावे लागले.

सागासाठी ही वखार मी निःसंकोच सुचवेन. ऐन घ्यायचाच असेल, तर दोन्ही टोके पाहून फळी निवडावी आणि खरेदी हिवाळ्यातच उरकावी. पावसाळ्याच्या तोंडावर चौकट बसवायची असेल, तर येथून ऐन घेऊ नये.