वॉर्डातल्या दवाखान्याचा लसीकरणाचा दिवस: चार तारे

धाकटी नऊ महिन्यांची, थोरला पाच वर्षांचा. दोघांना एकाच दिवशी नेलं, हा माझाच शहाणपणा. साडेनऊला पोचले तर नंबर सतरा. बाक दोन, आया वीस, पंखा एकच आणि तोही सिस्टरच्या टेबलावर रोखलेला.

पण काम चोख. सिस्टरने कार्ड नीट वाचलं. धाकटीला गोवर-रुबेला, पोलिओची सुई, न्यूमोकोकलचा (न्यूमोनियाविरुद्धच्या लसीचा) बूस्टर, म्हणजे आधीच्या डोसांना जोर देणारा डोस, आणि वर चमच्याने ‘अ’ जीवनसत्त्व. ते चाटून पोरीने तोंड असं केलं की सुयांचं रडणंच विसरली. थोरल्याला दंडात डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसरा बूस्टर. ‘मुंगी चावेल’ म्हणाल्या, तर हा म्हणतो, ‘कुठली, लाल की काळी?’

गोवर-रुबेलाची कुपी दाखवायला सांगितली तर दाखवली. लसीची पूड द्रवात कालवल्याची वेळ पेनाने लिहिलेली होती. चार तासांनंतर उरलेली टाकतात म्हणे. खासगीत हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. नंतर अर्धा तास बसवून ठेवलं, ताप आला तर काय द्यायचं ते वजन बघून सांगितलं, सुईच्या जागी चोळू नका हेही. खर्च शून्य.

एक तारा कापला तो बाळाला दूध पाजायला आडोसा नाही म्हणून. मी ओढणी घेऊन जिन्याखाली बसले. आणि स्वच्छतागृहाला कुलूप; किल्ली ज्या मावशींकडे, त्या चहाला गेलेल्या.

आशाताईंनी पुढची तारीख कार्डावर लिहून दिलीय. त्या वेळी थोरला घरी, आजीजवळ.