वाळवंटी झुडपाच्या नावाने आलेला शंकेश्वर

अमेरिकेतील मोहावी आणि सोनोरा वाळवंटांत वाढणाऱ्या अँब्रोसिया ड्यूमोसा या झुडपाच्या पंचवीस बियांचे पाकीट मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ३४९ रुपयांना मागवले. जुळे सोलापुरातील आमच्या गच्चीवर एप्रिल-मे महिन्यांत तुळससुद्धा करपते. त्यामुळे पाणी तुटले की पाने गाळून निमूट बसणारे, मांडीइतक्या उंचीचे हे राखाडी झुडूप मला सोयीचे वाटले.

जाहिरातीत ‘आकर्षक फुले, फुलपाखरांची वर्दळ’ असे छापले होते आणि खरे तर मी तेथेच सावध व्हायला हवे होते. हे झुडूप सूर्यफुलाच्या कुळातील असले, तरी त्याचे परागण वाऱ्यामार्फत होते, म्हणून त्याला रंगीत पाकळ्यांचा थाट नसतो. उलट त्याच्या परागकणांची ॲलर्जी होऊ शकते. गाजर गवताचा त्रास सोसलेल्या घरांना तरी हे सांगायला हवे होते. जाहिरातीत त्याबद्दल अवाक्षर नाही.

पाकीट फोडून फळे पलंगावरील सोलापुरी चादरीवर ओतली आणि उलगडा झाला. मूळ झुडपाचे काटेरी फळ जेमतेम अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरचे असते व त्याचे काटे सरळ असतात. माझ्यासमोरची फळे मात्र दोन सेंटिमीटर लांब, टोकाला दोन चोची असलेली, आणि प्रत्येक काट्याला आकडी. चादरीच्या धाग्यांत ती अशी रुतली की एकेक उपटून काढावी लागली. एक फळ चिरून पाहिले, तर आत दोन कप्प्यांत दोन बिया. हा आपला शंकेश्वर! आमच्या मागच्या नाल्याकाठी तो पोत्याने, आणि फुकट, मिळतो.

शंकेश्वर त्या झुडपाचा जवळचा नातलग आहे, त्याचेही परागण वाऱ्यानेच होते, हे मान्य. पण तो ओलीच्या जागी माजणारे वर्षायू तण आहे आणि त्याची कोवळी रोपे जनावरांना विषारी असतात. शिवाय बियाणे खरोखर परदेशी असते, तर २००३च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार त्याला आयात परवाना व रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागले असते. पाकिटावर त्याचा उल्लेखही नव्हता.

फोटोंसह तक्रार केल्यावर नवव्या दिवशी पैसे परत मिळाले, एवढ्यासाठी एक तारा. फळे मी बंबात जाळली. एक मात्र चादरीच्या दशीत दडून राहिले होते, ते धुण्याच्या वेळी बोटात रुतले तेव्हा सापडले.