पाटी बघावी की सुई?

यावलच्या काकूंच्या हाताला छातीत गाठ लागली, तेव्हा जळगावातले दोन दवाखाने समोर आले. एकाच्या दारात एनएबीएचची, म्हणजे रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या मंडळाची पाटी, आत लिफ्ट, टोकन, एसी. दुसरा जुन्या इमारतीत, पाटीबिटी काही नाही. घरात सगळ्यांचा कौल पहिल्याला.

पाटीला किंमत आहेच. भारतीय गुणवत्ता परिषदेचं हे मंडळ जंतुसंसर्ग, औषधांतल्या चुका, नोंदी, रुग्णांचे हक्क तपासतं. फक्त पाटीवर पूर्ण मानांकन लिहिलंय की प्रवेशस्तराचं प्रमाणपत्र, ते नीट वाचा. आणि हे मानांकन अख्ख्या रुग्णालयाला मिळतं. छातीच्या गाठीचा उपचार तिथं कसा होतो, ते त्यातून कळत नाही. युरोपात युसोमा ही स्तनकर्करोग तज्ज्ञांची संघटना नेमकं तेच मोजते: केंद्रात वर्षाला किमान १५० नवे रुग्ण, एका सर्जनच्या हातून किमान ५० शस्त्रक्रिया, आणि कर्करोगाच्या निदान ८५ टक्के रुग्णांत ऑपरेशनआधीच सुईनं निदान पक्कं. जळगाव-धुळ्यात १५० चा हट्ट धरू नका. शेवटचा निकष मात्र सोडू नका.

पहिल्या ठिकाणी उत्तर मिळालं, "गाठ काढून टाकू, मग तपासायला पाठवू." कर्करोग निघाला तर पुन्हा टेबलावर जायची वेळ येऊ शकते: कडेला राहिलेला कर्करोग काढायला, तो काखेतल्या गाठींत पोचलाय का ते बघायला. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर म्हणाले, "आधी जाड सुईनं तुकडा घेऊ, ऑपरेशनचं नंतर बोलू." दोऱ्याएवढे तुकडे फॉर्मलिनच्या (तुकडा टिकवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत पडले आणि सिस्टरनं लेबलवर घड्याळ बघून वेळ टाकली. तुकडा फॉर्मलिनमध्ये ६ ते ७२ तास राहायला हवा, नाहीतर ईआर, पीआर, हर-टू या कर्करोगाचा प्रकार सांगणाऱ्या तपासण्यांचे निकाल दगा देऊ शकतात. पुढची औषधं त्यांच्यावरच ठरतात. सुटीच्या आदल्या संध्याकाळी बाटली मुंबईला निघणार असेल, तर हे विचाराच.

मॅमोग्राफी यंत्राची अणुऊर्जा नियामक मंडळाकडची नोंदणी दोघांकडे होती. रेडिएशन दोघांकडेही नव्हतं. स्तन वाचवून ऑपरेशन केलं की बहुतेकींना रेडिएशन लागतं, त्यामुळे ते कुठं आणि किती आठवडे, हे आधीच विचारा. दुसऱ्यानं स्वतःहून सांगितलं. पहिल्याकडे "बघू नंतर".

तुमच्या रुग्णाला हृदयविकार असेल, आयसीयू लागेल, तर माझं मत पाटीवाल्याकडे झुकेल, पण सुईचा तुकडा आधी घेऊनच. काकूंना मधुमेह सोडला तर काही नव्हतं. त्यांनी जुनी इमारत निवडली, जिन्याला मात्र अजून शिव्या घालतात.