टीव्ही छान, पण वायफायचं आधी विचारून घ्या

आईसाठी ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेतला. चित्र सुरेख, आवाज खणखणीत. पण बसवायला आलेला मुलगा टीव्ही भिंतीवर टांगून निघून गेला, वायफाय जोडून दिलंच नाही. आमच्या राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं (वायफायच्या जास्त वेगाच्या पट्ट्याचं) नाव टीव्हीच्या यादीत दिसेचना. तासभर राउटर बंद-चालू करत बसले. हा टीव्ही फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडतो, हे खोक्यावर ठळक छापायलाच हवं होतं! राउटरवर २.४ चालू केलं, टीव्ही लगेच जोडला गेला. तरी संध्याकाळी कीर्तन ऐन रंगात आलं की पडद्यावर गोल फिरत राहायचं. राउटर आणि टीव्हीच्या मधे जुनी दगडी भिंत आहे. शेवटी दाराच्या चौकटीकडेने १५ मीटर लॅन केबल (इंटरनेटची वायर) टीव्हीपर्यंत नेली. तेव्हापासून आईचं कीर्तन एकदाही अडकलेलं नाही.