कन्सोल घ्यायचाय: तोट्यात विकला जाणारा की नफ्यात विकला जाणारा?

नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, अमेरिकेत आणला, तेव्हा त्यातल्या स्वस्त मॉडेलची किंमत होती ४९९ डॉलर. आयसप्लाय या संशोधन संस्थेने तो उघडून एकेका भागाचा हिशेब मांडला आणि आकडा आला सुमारे ८०५ डॉलर. म्हणजे विकल्या गेलेल्या प्रत्येक डब्यामागे सोनीचे तीनशे डॉलर जात होते. त्या आर्थिक वर्षात सोनीच्या गेम विभागाचा तोटा २३२ अब्ज येनच्या वर गेला. त्याच महिन्यात निन्टेंडोचा वी २४९ डॉलरला बाजारात आला आणि पहिल्या दिवसापासून नफ्यात विकला गेला.

आता यात ग्राहकाचा फायदा कुठे? पहिलं उत्तर सोपं वाटतं: आठशेची वस्तू पाचशेत मिळतेय, तीच घ्या. पण ते तीनशे डॉलर कंपनीने कुणाला दान दिलेले नसतात. ती उधारी असते, आणि वसुली गेममधून होते.

वसुलीचा हिशेब अवघड नाही. कन्सोलच्या डिजिटल दुकानातून दुसऱ्या कंपनीचा गेम विकला गेला की साधारण ३० टक्के वाटा कन्सोलवाल्याचा. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या कन्सोलचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी २०२२ मध्ये उघडपणे सांगितलं होतं की प्रत्येक कन्सोलमागे आम्ही शंभर ते दोनशे डॉलर पदरचे घालतो. त्याआधी, २०२१ मध्ये, गेम बनवणारी एपिक आणि ॲपल यांच्या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने साक्षच दिली की एक्सबॉक्सच्या यंत्रावर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. आपण मधला आकडा धरू, दीडशे डॉलर. सत्तर डॉलरच्या गेमवर ३० टक्के म्हणजे एकवीस. सात-आठ गेम घेतलेत की तुमची सूट फिटली. त्यापुढचा प्रत्येक गेम हा कंपनीचा नफा.

म्हणून यंत्रांची तुलना करण्याआधी स्वतःची सवय बघा. वर्षाला दोन-तीन गेम, तेही जुन्या डिस्क घेऊन, खेळून झाले की विकून टाकायचे, असा खाक्या असेल तर तोट्यात विकला जाणारा कन्सोल तुमच्यासाठीच आहे. वापरलेल्या डिस्कच्या व्यवहारात कंपनीच्या हाती दमडीही लागत नाही. याचं टोकाचं उदाहरण अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेचं. त्यांनी सतराशेहून जास्त प्लेस्टेशन ३ एकमेकांना जोडून २०१० मध्ये चक्क महासंगणक उभा केला. यंत्रं घेतली ती स्वस्तात मिळणाऱ्या गणनशक्तीसाठी, गेमसाठी नव्हे. सोनीच्या दृष्टीने याहून वाईट गिऱ्हाईक कल्पनेतही सापडणार नाही! त्याच वर्षी सोनीने या कन्सोलवर लिनक्स ही संगणकाची प्रणाली टाकायची सोय एका अपडेटमधून काढून टाकली. कारण सुरक्षेचं दिलं. ते काहीही असो, विकत घेतलेल्या यंत्राची एक किल्ली कंपनीकडेच राहते, एवढं त्यातून दिसलं.

याच कारणासाठी डिस्क ड्राइव्ह नसलेल्या मॉडेलबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आला तेव्हा डिस्कवाला ४९९ आणि डिजिटल ३९९ डॉलरला होता. शंभर वाचले खरे, पण त्या बदल्यात जुन्या डिस्कचा बाजार तुम्हाला बंद झाला, पुनर्विक्री गेली, आणि गेम खरेदीची गाठ कंपनीच्याच दुकानाशी पडली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तो प्रकार.

दुसरा खर्च ऑनलाइन खेळण्याचा. प्लेस्टेशन ४ पासून बहुतेक विकतच्या गेममध्ये ऑनलाइन खेळायला वर्गणी लागते. २०२३ मध्ये अमेरिकेत तिची सर्वांत खालची वार्षिक पायरी ५९.९९ वरून ७९.९९ डॉलरवर गेली. पाच वर्षांचे चारशे होतात! मित्रांबरोबर खेळणार असाल तर हा आकडा कन्सोलच्या किमतीतच मिळवून बघा. एकट्याने कथानकाचे गेम खेळणाऱ्याने याची चिंता करू नये.

मग नफ्यात विकला जाणारा घ्यावा का? निन्टेंडोचा स्विच २०१७ मध्ये २९९ डॉलरला आला, आणि तो तोट्यात विकणार नाही, असं निन्टेंडोने आधीच स्पष्ट केलं होतं. हे जमलं कसं, तर आतली चिप २०१५ सालच्या घराण्यातली होती. पैशाच्या मानाने ताकद कमी, हे मान्यच करायला हवं. इथे एक गैरसमज मात्र हमखास होतो: यंत्रावर नफा घेतलाय, म्हणजे गेम स्वस्त देत असतील. मुळीच नाही. निन्टेंडोचे स्वतःचे गेम वर्षानुवर्षं जवळजवळ मूळ किमतीलाच विकले जातात. तिथे नफा दोन्हीकडून. ऑनलाइनची वर्गणी तेवढी बरीच कमी आहे. तरीही मारियो आणि झेल्डाच खेळायचे असतील तर ही सगळी तुलना व्यर्थ आहे, कारण ते दुसरीकडे मिळतच नाहीत.

तिसरी वाट पीसीची किंवा स्टीम डेकसारख्या, पीसीचे गेम हातात धरून खेळायच्या यंत्राची. पीसीमध्ये सुटे भाग बनवणाऱ्याला गेममधून काही मिळत नाही, म्हणून तो किंमत पूर्ण घेतो. १९९३ मध्ये थ्रीडीओ या कन्सोलचं असंच झालं. आराखडा एका कंपनीचा, यंत्र पॅनासॉनिकचं. गेमचा वाटा आराखडेवाल्याकडे जायचा, त्यामुळे यंत्रावरच कमवणं भाग होतं, आणि किंमत गेली ६९९ डॉलरवर. तो चालला नाही. पीसीची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे दुकानं अनेक आहेत, त्यांच्यात चढाओढ आहे, मोठ्या सवलती वारंवार लागतात आणि ऑनलाइन खेळायला वर्गणी नाही. दर महिन्याला एखादा गेम घेणाऱ्याने सुरुवातीचा जास्त खर्च सोसून हीच वाट धरावी, असं मी सांगेन.

राहिला प्रश्न आत्ता घ्यावा की थांबावं. पूर्वी याचं उत्तर ठरलेलं असे: थांबा. भाग स्वस्त होत आणि किंमत खाली येई. २००९ मध्ये प्लेस्टेशन ३ चं सडपातळ मॉडेल २९९ डॉलरला मिळू लागलं होतं. घाई करणाऱ्याला चटकाही बसे. निन्टेंडो ३डीएस हा हातात धरून खेळायचा कन्सोल २०११ च्या मार्चमध्ये २४९ डॉलरला घेतलेल्यांनी ऑगस्टमध्ये तोच १६९ ला पाहिला. निन्टेंडोने त्यांना वीस जुने गेम देऊन समजूत घातली, आणि नफ्यावर यंत्रं विकणारी ही कंपनी काही काळ तोट्यात विकू लागली. सुरुवातीच्या यंत्रांतले दोष वेगळेच. एक्सबॉक्स ३६० च्या बिघाडांसाठी मायक्रोसॉफ्टला २००७ मध्ये वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली.

हे गणित आता बिघडलंय. डिस्कवाल्या प्लेस्टेशन ५ वर आपला तोटा होत नाही, असं सोनीने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं. जुन्या नियमाने पुढची पायरी किंमत उतरण्याची होती. प्रत्यक्षात २०२२ च्या ऑगस्टमध्ये युरोप, जपानसह अनेक ठिकाणी ती वाढली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतही पन्नास डॉलरनी. त्यामुळे नुसत्या किमतीसाठी थांबू नका. पहिलं वर्ष जाऊ द्या ते दोष कळावेत म्हणून, आणि जुन्या डिस्क बाजारात याव्यात म्हणून.