क्रूझवरची सुट्टी: काही महिन्यांच्या अनुभवानंतरचा अभिप्राय

गेल्या काही महिन्यांत लहान-मोठ्या जहाजांवरून सफरी केल्यानंतर क्रूझच्या सुट्टीविषयी माझे मत आता पुरेसे पक्के झाले आहे. जाहिरातींत झळकणारे जलतरण तलाव, नाट्यगृहे आणि घसरगुंड्या यांचा सुट्टीच्या आनंदात वाटा असतोच, परंतु सुट्टी खरी सुखाची होते की कटकटीची, हे प्रामुख्याने दोन साध्या गोष्टींवर ठरते. आपली केबिन जहाजात नेमकी कोठे आहे ही पहिली, आणि बंदरावर मिळणाऱ्या मोजक्या तासांचा हिशेब आपण कसा मांडतो ही दुसरी.

जहाज निवडताना केवळ आकाराची धास्ती घेण्याचे कारण नाही. २०२४ मध्ये सेवेत आलेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज २,४८,६६३ सकल टनांचे आहे आणि प्रत्येक केबिनमध्ये दोघे धरल्यास त्यावर ५,६१० प्रवासी राहतात. सकल टन हे वजनाचे नसून जहाजातील बंदिस्त जागेचे माप आहे. त्यामुळे त्याला प्रवासीसंख्येने भागले की माणशी किती ऐसपैस जागा मिळेल याचा ढोबळ अंदाज येतो. या महाकाय जहाजाच्या बाबतीत उत्तर ४४ च्या आसपास येते, म्हणजे जागेची चणचण नाही. हाच आकडा ३० च्या खाली गेला, की न्याहारीच्या वेळी भरलेले ताट हातात घेऊन रिकामे टेबल शोधत फिरण्याची तयारी ठेवावी. शाळांच्या सुट्ट्यांमध्ये एकेका केबिनमध्ये तिसरे आणि चौथे माणूसही असते, तेव्हा हे गणित आणखी बिघडते.

केबिनचा विचार मात्र सविस्तर करावा लागतो. पैसे भरण्यापूर्वी जहाजाचा डेकनिहाय नकाशा उघडावा आणि आपल्या केबिनच्या वरच्या व खालच्या डेकवर त्याच जागी काय आहे ते पाहावे. दोन्हीकडे केबिनच असतील तर डोळे मिटून ती जागा घ्यावी. तलावाच्या डेकखालील केबिन सोयीची वाटते खरी, परंतु पहाटे पाचच्या सुमारास तेथे वेगळाच कार्यक्रम सुरू होतो. डेक धुण्यासाठी कर्मचारी आरामखुर्च्या एका बाजूला ओढतात, पाणी मारतात, आणि मग त्याच खुर्च्या पुन्हा ओळीने मांडतात. तो खरखराट छतातून थेट उशीपर्यंत पोहोचतो. नाट्यगृहावरच्या केबिनमध्ये रात्री उशिरापर्यंत ढोलाचे ठोके पायांखाली जाणवत राहतात. नाळेकडच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडच्या, खालच्या डेकवर बंदराला लागण्याच्या वेळी जहाजाला आडवे सरकवणारे पंखे सुरू झाले, की टेबलावरच्या पेल्यातील पाणी थरथरू लागते, आणि जेथे नांगर टाकावा लागतो तेथे साखळीच्या खडखडाटाने गजराची गरजच उरत नाही. शेजारच्या केबिनला जोडणारा मधला दरवाजा असेल, तर पलीकडच्या कुटुंबाचे सगळे मतभेद आपल्यालाही ऐकावे लागतात.

कंपनीने नंतर ठरवून द्यायची केबिन, जिला बहुतेक ठिकाणी ‘गॅरंटी’ केबिन म्हणतात, स्वस्त पडते. गाढ झोपणाऱ्याने ती अवश्य घ्यावी. हलकी झोप असणाऱ्याने वाचलेल्या पैशांचा मोह टाळावा. बाल्कनीचे मोलही मार्गावर अवलंबून असते. नॉर्वेच्या फिओर्डमध्ये, म्हणजे उंच कड्यांमधल्या अरुंद खाडीत, किंवा अलास्कातील ग्लेशियर बेमध्ये डोंगर आणि हिमनद्या इतक्या जवळून सरकतात, की बाल्कनीसाठी दिलेला प्रत्येक पैसा वसूल होतो. सलग कित्येक दिवस खुल्या समुद्रातून जाणाऱ्या मार्गावर ती एक वारा लागणारी बसण्याची जागा एवढीच उरते. खिडकी नसलेल्या आतल्या केबिनविषयी लोक नाके मुरडतात, मात्र मला ती झोपेसाठी सर्वांत चांगली वाटली. तेथील अंधार इतका गडद असतो, की दिवस उजाडल्याचे कळत नाही. त्यावर उपाय म्हणजे दूरचित्रवाणी संचावर जहाजाच्या पुढील कॅमेऱ्याची वाहिनी आवाज बंद करून लावून ठेवणे. पहाट झाली की पडदा हळूहळू उजळतो, आणि बाहेर हवा कशी आहे हेही समजते.

बोट लागण्याचा, म्हणजे हेलकाव्यांनी मळमळ-उलट्या होण्याचा, प्रश्नही बऱ्याच अंशी केबिनच्या जागेशीच निगडित आहे. जहाज ज्या बिंदूभोवती डोलते त्याच्या जितके जवळ राहावे तितके हेलकावे कमी जाणवतात. म्हणून लांबीच्या मध्यावरची आणि खालच्या डेकवरची केबिन उत्तम. सर्वांत वरच्या डेकवरचा, नाळेजवळचा महागडा सूट खवळलेल्या समुद्रात सर्वांत अधिक हलतो, हा विरोधाभास पुष्कळांच्या लक्षात उशिरा येतो. आधुनिक जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्थिरक असतात आणि त्यांच्यामुळे जहाजाचे आडवे डोलणे कमी होते, परंतु पुढून येणाऱ्या लाटांवर नाळ वर-खाली होणे त्यांनी फारसे थांबत नाही. खवळलेल्या समुद्रासाठी प्रसिद्ध असलेला फ्रान्स-स्पेनजवळचा बिस्केचा उपसागर किंवा दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधील ड्रेक पॅसेज मार्गात असेल, तर औषध सोबत ठेवावेच. गोळी त्रास सुरू होण्याआधी घेतली तर अधिक उपयोगी पडते. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी किमान चार तास आधी लावावी लागते आणि तीन दिवसांपर्यंत टिकते. तिने तोंड कोरडे पडते, दृष्टी धूसर होऊ शकते, आणि काचबिंदूच्या काही रुग्णांना तसेच वृद्धांना ती त्रासदायक ठरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती लावू नये. औषधाखेरीज, मोकळ्या डेकवर उभे राहून क्षितिजाकडे पाहत राहण्याने खरोखरच आराम पडतो. अशा वेळी पुस्तक किंवा मोबाइल डोळ्यांसमोर धरणे म्हणजे त्रासाला आमंत्रण देणे होय.

आता बंदरांविषयी. कार्यक्रमपत्रिकेत ‘रोम’ असे लिहिलेले असते तेव्हा जहाज प्रत्यक्षात चिवितावेक्किया येथे लागते आणि तेथून रोम सुमारे ७० ते ८० किलोमीटरवर आहे. ‘बर्लिन’ म्हणजे वार्नेम्युंडे. तेथून राजधानी दोनशे किलोमीटरहून दूर, म्हणजे जाण्यायेण्यातच निम्मा दिवस जातो. ‘पॅरिस’साठीचे ले हाव्र बंदरही असेच लांब आहे. जहाज सकाळी आठला लागून संध्याकाळी सहाला निघणार असेल, तर हाती दहा तास आहेत असे समजणे चुकीचे आहे. धक्क्याला लागल्यानंतर स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी मिळेपर्यंत कोणालाही उतरता येत नाही, आणि परत चढण्याची शेवटची वेळ साधारणपणे निघण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. प्रवासाचा वेळ वजा केला, की दूरच्या शहरात जेमतेम चार-पाच तास मिळतात. त्यापेक्षा बंदराचे गावच पायी फिरावे, हे मी हळूहळू पसंत करू लागलो.

जेथे मोठ्या जहाजाला धक्का नसतो तेथे जहाज दूर नांगरून प्रवाशांना छोट्या टेंडर बोटींतून किनाऱ्यावर नेतात. ग्रीसमधील सँटोरिनी आणि कॅरिबियनमधील ग्रँड केमन ही बेटे त्याची ठळक उदाहरणे. सकाळी क्रमांकाची चिठ्ठी घ्यावी लागते आणि आपला क्रमांक पुकारेपर्यंत थांबावे लागते. खालच्या डेकच्या उघड्या दारातून बोटीत पाऊल टाकताना बोट लाटेबरोबर हातभर वर येते आणि तितकीच खाली जाते. दोन कर्मचारी दंडाला धरून उभे असतात आणि त्यांनी ‘आता’ म्हटले की त्याच क्षणी पाऊल टाकायचे, क्षणभरही घुटमळायचे नाही. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी मार्ग निवडण्यापूर्वीच अशी बंदरे किती आहेत हे तपासावे. लाटा मोठ्या असतील तर टेंडर सेवा रद्द होते आणि ते बंदर वगळले जाते. सँटोरिनीला तर किनाऱ्यावर उतरल्यानंतरही ‘फिरा’ हे मुख्य गाव वर कड्यावर आहे. केबल कारची रांग उन्हाळ्यात फार लांब असते आणि दुसरा मार्ग म्हणजे सुमारे ६०० पायऱ्या. परतीच्या रांगेत जाणारा वेळ आधीच हिशेबात धरलेला बरा.

जहाजाची वेळ आणि बंदराची वेळ दर वेळी एकच असते असे नाही. किनाऱ्यावरचा टॉवर पकडताच मोबाइलमधले घड्याळ आपोआप बदलते, जहाजाचे मात्र बदलत नाही. म्हणून हाताने लावायचे साधे मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवावे. कंपनीने आयोजित केलेली सहल उशिरा परतली तर जहाज थांबते किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची सोय कंपनी करते. स्वतःच्या जबाबदारीवर फिरायला गेलेल्यासाठी जहाज थांबत नाही. धक्क्यावरून पिशव्या सांभाळत धावत येणारी माणसे आणि वर कठड्याशी उभे राहून टाळ्या वाजवणारे सहप्रवासी, हे दृश्य करमणुकीचे असले तरी त्यात आपण धावणाऱ्यांत नसावे. दूर जायचे असेल तर कंपनीची महागडी सहल घ्यावी आणि जवळपास फिरायचे असेल तर स्वतः जावे, एवढाच नियम मी पाळतो. खाली उतरताना पासपोर्टची छायाप्रत, जहाज कंपनीच्या बंदरातील एजंटचा दूरध्वनी क्रमांक आणि आवश्यक औषधे जवळ ठेवावीत. एजंटचा क्रमांक रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेला असतो.

बंदरांच्या काही विचित्र वेळांमागे कायदेही असतात. सिएटलहून निघणारी अलास्काची जहाजे बहुधा कॅनडातील व्हिक्टोरिया येथे संध्याकाळी काही तासांपुरती का थांबतात, याचे उत्तर अमेरिकेच्या १८८६ च्या प्रवासी जहाज कायद्यात आहे. परदेशी ध्वजाच्या जहाजाला केवळ अमेरिकी बंदरांमध्येच फिरून येता येत नाही, एखादे परदेशी बंदर मध्ये घ्यावेच लागते. त्यामुळे तो थांबा पर्यटनासाठी पुरेसा आहे की नाही, हा प्रश्न कंपनीच्या दृष्टीने दुय्यम असतो आणि प्रवाशानेही त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. तसेच हवामानामुळे बंदर बदलण्याचा किंवा वगळण्याचा अधिकार प्रवासाच्या करारात कंपनीकडेच असतो. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो. त्या काळातील स्वस्त कॅरिबियन सफर घेताना हे गृहीत धरूनच घ्यावी.

पहिल्या दिवशीच्या सुरक्षा सरावाला कंटाळणारे प्रवासी प्रत्येक जहाजावर भेटतात. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीतील जील्यो बेटाजवळ ‘कोस्टा कोंकोर्डिया’ खडकावर आदळून ३२ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांचा सराव अद्याप झालेला नव्हता. त्या काळच्या नियमानुसार सरावासाठी २४ तासांची मुभा होती. २०१५ पासून मात्र तो जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घेणे बंधनकारक आहे. आता अनेक जहाजांवर चित्रफीत पाहून आपल्या जमण्याच्या ठिकाणी हजेरी लावली की काम होते. सात आखूड भोंगे आणि त्यानंतर एक लांब भोंगा, हा संकेत लक्षात ठेवावा आणि केबिनपासून त्या ठिकाणापर्यंत एकदा जिन्याने चालत जावे. आणीबाणीत लिफ्ट वापरता येत नाही, आणि जहाजातील लांबलचक, एकसारख्या मार्गिकांत पुढे कोणते आणि मागे कोणते हेच पहिल्या दिवशी कळत नाही.

आरोग्याच्या बाबतीत साबण आणि पाणी यांना पर्याय नाही. जहाजांवर उलट्या-जुलाबांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा जेल फारसा परिणामकारक नसतो, तरीही भोजनगृहाच्या दारातली जेलची बाटली दाबून पुढे जाणारे बरेच असतात. जहाजावर दवाखाना आणि डॉक्टर असतात, मात्र गंभीर आजारात रुग्णाला किनाऱ्यावर किंवा हेलिकॉप्टरने हलवावे लागते आणि तो खर्च डोळे पांढरे करणारा असतो. विमा घेताना वैद्यकीय स्थलांतराचा समावेश त्यात आहे का, हे अटी उघडून वाचावे.

खर्चाविषयी थोडक्यात. कर्मचाऱ्यांची बक्षिसी बहुतेक कंपन्या दररोज माणशी आपोआप खात्यात लावतात. ती मूळ भाड्यात धरूनच तुलना करावी. पेयांचा पॅक अनेक ठिकाणी केबिनमधील सर्व प्रौढांनी घ्यावा लागतो, त्यामुळे एक जण पिणारा आणि एक न पिणारा असेल तर तो सहसा परवडत नाही. २०२२ पासून स्टारलिंक ही उपग्रहांवरून चालणारी इंटरनेट सेवा जहाजांवर येऊ लागल्याने इंटरनेट आता कामचलाऊच्या पुढे गेले आहे. तथापि, किनारा सुटताच मोबाइल विमान मोडवर टाकावा. जहाजावरचे उपग्रह आधारित मोबाइल नेटवर्क फोनने नकळत पकडले, तर येणारे बिल सुट्टीचा रंग उतरवते.

सामानात दोन-तीन लोहचुंबकी हुक असावेत, कारण केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात आणि ओले कपडे व टोप्या टांगायला जागा कधीच पुरत नाही. विजेच्या लाटेपासून संरक्षण देणारा एक्स्टेंशन बोर्ड आणि इस्त्री मात्र घरीच ठेवावी, चढतानाच त्या काढून घेतल्या जातात. मोठ्या बॅगा केबिनपर्यंत पोहोचायला संध्याकाळ होऊ शकते, म्हणून औषधे, कागदपत्रे आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवावा. जहाज निघण्याच्या आदल्या दिवशीच त्या शहरात पोहोचावे, कारण विमान उशिरा आले म्हणून जहाज थांबत नाही.

उतरण्याच्या आदल्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवण्याची पद्धत आहे. स्वतःचे सामान स्वतः उचलता येत असेल तर ती टाळून सकाळी सर्वांत आधी उतरणाऱ्यांत नाव नोंदवावे. एरवी टर्मिनलमध्ये शेकडो एकसारख्या बॅगांतून आपली शोधण्यात तास जातो, आणि पुढे पासपोर्ट तपासणीची रांग असतेच. परतीचे विमान दुपारी बाराच्या आधीचे घेऊ नये. दूरच्या विमानतळासाठी तर तिसऱ्या प्रहराचे बरे.