अडीनडीचा पैसा: चार ठिकाणी ठेवला आणि चारही ठिकाणांहून काढून पाहिला

मागच्या वर्षी वडिलांना रात्री साडेअकराला अतिदक्षता विभागात दाखल करावे लागले आणि रुग्णालयाने ५०,००० रुपये अनामत भरायला सांगितली. वडिलांच्या खात्यात त्याच्या कितीतरी पट रक्कम होती. मात्र ते खाते आईवडिलांच्या संयुक्त नावावर आणि ‘दोघांच्या सहीने’ चालणारे होते, त्यामुळे वडील सही करण्याच्या स्थितीत नसताना त्यातला एक रुपयाही हलवणे शक्य नव्हते. ती अनामत मी माझ्या बचत खात्यातून भरली. व्याजदर पाहून पैसे ठेवण्याची आमच्या घरची जुनी सवय त्या रात्री मोडली. त्यानंतर वर्षभर मी अडीनडीची रक्कम चार ठिकाणी विभागून ठेवली, प्रत्येक ठिकाणाहून मुद्दाम पैसे काढून पाहिले आणि कुठे काय अडते याची नोंद ठेवली. त्या नोंदींवरून हे परीक्षण लिहीत आहे.

पहिले अर्थातच बँकेचे साधे बचत खाते. रिझर्व्ह बँकेने २५ ऑक्टोबर २०११ रोजी बचत खात्याचा व्याजदर ठरवण्याची मुभा बँकांना दिली. त्यापूर्वी सगळीकडे एकच दर असे. मोठ्या बँकांचे दर आज मात्र एकमेकांची नक्कल केल्यासारखे सारखेच आहेत. स्टेट बँकेने १५ जून २०२५ पासून हा दर अडीच टक्क्यांवर आणला, म्हणजे एक लाख रुपयांवर वर्षाला अडीच हजार. दर क्षुल्लक असला तरी काढण्याच्या सोयीत या खात्याला तोड नाही. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याच्या दोन सोयींपैकी एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि मोठ्या रकमांसाठीची आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुटीच्या दिवशीही चालू आहे. व्याज १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर मोजले जाते, त्यामुळे महिन्याच्या कोणत्याही तारखेला पैसे काढले तरी तेवढ्याच दिवसांचे व्याज कमी होते. एटीएमची कटकट ठाऊक असावी: स्वतःच्या बँकेच्या यंत्रावर महिन्याला पाच व्यवहार मोफत, दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर महानगरांत तीन आणि इतरत्र पाच. त्यापुढच्या प्रत्येक व्यवहाराला १ मे २०२५ पासून २३ रुपयांपर्यंत आकार लागू शकतो.

किमान शिलकीची अट हाही खरे तर पैसे काढण्याचाच नियम आहे, कारण जी रक्कम दंडाच्या भीतीने खात्यात ठेवावी लागते ती आपली असूनही हाताशी नसते. स्टेट बँकेने ही अट २०२० साली काढली, कॅनरा बँकेने जून २०२५ पासून. बऱ्याच खाजगी बँकांत ती अजून आहे आणि शाखा शहरात आहे की खेड्यात यावर तिची रक्कम बदलते. छोट्या वित्त बँका (स्मॉल फायनान्स बँका) जाहिरातीत मोठा दर दाखवतात, परंतु एक लाखावरच्या शिलकीसाठी टप्प्याटप्प्याने वेगळा दर ठेवण्याची मुभा बँकांना असल्यामुळे तो दर बहुधा वरच्या टप्प्यातल्या रकमेलाच लागू होतो. खालच्या एक लाखावर किती मिळणार, हे विचारल्याशिवाय खाते उघडू नये.

दुसरे पोस्टाचे बचत खाते. व्याज चार टक्के, ५०० रुपयांत खाते उघडते आणि ठेवीमागे थेट केंद्र सरकार उभे असते. कागदावर बँकेपेक्षा दीड टक्का जास्त. पण पोस्टात व्याज रोजच्या शिलकीवर मिळत नाही. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज धरतात आणि ती ५०० च्या खाली गेली तर त्या महिन्याला काहीच मिळत नाही. पूर्वी बँकांतही हाच हिशेब होता, म्हणून जुन्या पिढीला तो तोंडपाठ असतो. तरुणांना तो पासबुक छापून आल्यावर कळतो.

याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. खात्यात ६०,००० रुपये आहेत आणि २८ तारखेला त्यांतले ५०,००० काढले. सत्तावीस दिवस पूर्ण रक्कम खात्यात असूनही त्या महिन्याचे व्याज २०० रुपयांऐवजी उरलेल्या दहा हजारांवर ३३ रुपये मिळेल. तेच पैसे तीन तारखेला काढून दहा तारखेपर्यंत परत भरले, तर व्याजात एका पैशाचाही फरक पडणार नाही. एक लाखाचा ढोबळ हिशेब केला तर पोस्टात महिन्याला सुमारे ३३३ रुपये आणि अडीच टक्क्यांच्या बँकेत सुमारे २०८ रुपये सुटतात. वर्षातल्या पाच महिन्यांत दहा तारखेनंतर खाते रिकामे करण्याची वेळ आली, तर उरलेल्या सात महिन्यांचे पोस्टाचे व्याज २,३३३ रुपये भरते, म्हणजे बँकेच्या वर्षभराच्या अडीच हजारांपेक्षा कमीच. वर्षातून एकदोनदाच पैशाला हात लागणार असेल तर पोस्ट सरस, दर महिन्याला हात लागणार असेल तर बँक बरी.

प्रत्यक्ष काढताना पासबुक आणि पैसे काढण्याचा अर्ज घेऊन खिडकीवर उभे राहावे लागते, आणि सही नमुन्याशी जुळायला हवी. आता एटीएम कार्ड, मोबाइल बँकिंग आणि नेट बँकिंगही मिळते. कार्डावर एका वेळी १०,००० आणि दिवसाला २५,००० रुपयांची मर्यादा आहे, म्हणजे त्या रात्रीची अनामत पोस्टाच्या कार्डावर निम्मीच निघाली असती. गावातल्या शाखा डाकघरात दिवसाला काढता येणाऱ्या रकमेवर वेगळी मर्यादा असते, ती तिथल्या पोस्टमास्तरांना आधीच विचारून ठेवावी.

तिसरा प्रकार स्वीपचा, म्हणजे बचत खात्यात ठरावीक रकमेच्या वर जे साचेल त्याची आपोआप मुदत ठेव होते आणि खाते कमी पडले की ठेव मोडून पैसे परत खात्यात येतात. माझ्या मते सगळ्यांत जास्त गैरसमज याच सोयीबद्दल आहेत. जाहिरातीत ‘बचत खात्याची सोय आणि मुदत ठेवीचे व्याज’ असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात मोडलेल्या रकमेला ठरलेला दर मिळत नाही. ठेव जितके दिवस राहिली तितक्या मुदतीचा दर मिळतो आणि वर बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक टक्का दंड कापतात. सात दिवसांच्या आत मोडली तर व्याज शून्य. तरीही हिशेब तोट्याचा नसतो. समजा ३०,००० रुपये पाच महिन्यांनी मोडले, पाच महिन्यांचा दर पाच टक्के आणि दंड अर्धा टक्का असला, तर साडेचार टक्क्यांनी सुमारे ५६२ रुपये मिळतात. साध्या बचत खात्यात तेवढ्याच काळात ३१२ मिळाले असते.

खरा प्रश्न ठेव किती मोडते हा आहे. स्टेट बँकेच्या मल्टी ऑप्शन डिपॉझिटमध्ये ती हजाराच्या पटीत मोडते आणि उरलेली रक्कम आपल्या मूळ दराने चालू राहते. सगळीकडे असे नसते. एका खाजगी बँकेत (नाव घेत नाही) माझी ४०,००० ची ठेव साडेसहा टक्क्यांनी ठेवलेली होती. घरपट्टीचे ३,१४० रुपये भरायला बचत खात्यात जेमतेम दोनशे रुपये कमी पडले आणि अकराव्या महिन्यात ती ठेव संपूर्ण मोडली. अकरा महिन्यांचा दर सहा, त्यातून दंड एक, म्हणजे हातात पाच टक्के. दोनशे रुपयांच्या तुटीने साधारण साडेपाचशे रुपयांचे व्याज गेले. शाखेत विचारल्यावर नियमपत्रिकेचे सातवे पान दाखवण्यात आले, तिथे ते खरोखरच लिहिलेले होते. चूक माझी, पण छपाई इतकी बारीक होती की भिंगाशिवाय ती चूक टाळणे कठीण होते. तेव्हा स्वीप घेताना दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: ठेव अंशतः मोडते की पूर्ण, आणि अनेक ठेवी असल्यास आधी कोणती मोडते. शेवटी ठेवलेली आधी मोडत असेल तर आपल्या फायद्याचे, कारण जुन्या ठेवींचे साचलेले व्याज शाबूत राहते. शिवाय हे व्याज मुदत ठेवीचे धरले जाते. बचत खात्याच्या व्याजावर जुन्या कररचनेत मिळणारी १०,००० रुपयांपर्यंतची वजावट त्याला लागू होत नाही.

चौथा प्रकार म्हणजे लिक्विड म्युच्युअल फंड. तो खाते नाही, त्याला ठेव विमा (बँक अडचणीत आल्यास ठेवीला मिळणारे संरक्षण) नाही आणि परताव्याची हमी नाही. तरी अडीनडीच्या पैशासाठी लोक तो वापरतात, म्हणून नियम पाहू. असे फंड ९१ दिवसांपर्यंतच्या मुदतीच्या रोख्यांतच पैसे गुंतवतात. कामकाजाच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पैसे काढण्याची विनंती केली की साधारण पुढच्या कामकाजाच्या दिवशी रक्कम बँकेत येते. शुक्रवारी केली तर सोमवारी, आणि मध्ये सण आला तर आणखी उशिरा. तातडीसाठी काही योजनांत लगेच पैसे मिळण्याची सोय असते. तिची मर्यादा दिवसाला ५०,००० रुपये किंवा आपल्या रकमेच्या ९० टक्के, यांत जे कमी असेल ते. मी रविवारी रात्री नऊ वाजता ४०,००० मागितले आणि पाण्याचा पेला संपेपर्यंत बँकेचा संदेश आला. पहिल्या सहा दिवसांत काढल्यास निर्गमन आकार लागतो, पण तो पहिल्या दिवशी लाखाला सात रुपये आणि सहाव्या दिवशी साडेचार रुपये इतकाच आहे. सातव्या दिवसापासून तोही नाही. मिळालेल्या नफ्यावर, १ एप्रिल २०२३ नंतरच्या गुंतवणुकीसाठी, आपापल्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार कर भरावा लागतो.

सहकारी बँकेचे खाते मी या चारांत धरले नाही, पण आपल्याकडे निम्म्या घरांत ते असते, म्हणून बोलणे भाग आहे. तिथला लेखनिक नावाने ओळखतो आणि खिडकीवर दहा मिनिटांत काम होते, हे मी अनुभवाने सांगतो. मात्र पैसे काढण्याचे नियम एका रात्रीत कसे बदलतात हे मुंबईने दोनदा पाहिले आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सहा महिन्यांत केवळ १,००० रुपये काढता येतील असे जाहीर झाले. ती मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढवत जून २०२० मध्ये एक लाखावर नेली गेली. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा प्रथम काहीच काढता येत नव्हते, दोन आठवड्यांनी २५,००० ची मुभा मिळाली.

अशा वेळी ठेव विम्याचा आधार असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतल्या एका ठेवीदाराला, सगळ्या शाखांतील मुद्दल आणि व्याज धरून, पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि ठेव विम्याच्या कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार निर्बंध आल्यावर ९० दिवसांत ते पैसे मिळण्याची तरतूद आहे. पण नव्वद दिवसांनी मिळणारे पैसे सुरक्षित म्हणता येतील, अडीनडीचे म्हणता येणार नाहीत. रुग्णालय तीन महिने थांबत नाही. पतसंस्थांना तर हा विमाही लागू नाही. म्हणून बँक सहकारी असो की खाजगी, सगळी रक्कम एकाच ठिकाणी ठेवू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

हे सगळे नियम पाळूनही पैसे अडकतात ते दोन कारणांनी. पहिले संयुक्त खात्याच्या पद्धतीचे, ज्याचा फटका आम्हाला बसला. ‘दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहणारा’ अशी नोंद असेल तरच एकाच्या सहीने पैसे निघतात. नामनिर्देशन केले आहे म्हणजे काम झाले, असा समज बऱ्याच घरांत आहे. नामनिर्देशित व्यक्तीला खातेदाराच्या मृत्यूनंतरच रक्कम मिळते, आजारपणात तिचा काही उपयोग नाही. दुसरे कारण म्हणजे अडीनडीचा पैसा म्हणून खात्याला हातच न लावणे. बँकेत दोन वर्षे आणि पोस्टात सलग तीन आर्थिक वर्षे आपण काही व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते. मग ते पुन्हा चालू करायला केवायसीची (ओळख आणि पत्त्याची) कागदपत्रे, अर्ज आणि थोडा धीर, तिन्ही लागतात.

आता आमची मांडणी अशी आहे. पहिल्या रात्रीला पुरतील असे ७५,००० रुपये किमान शिलकीची अट नसलेल्या सरकारी बँकेच्या साध्या खात्यात, दोन लाख अंशतः मोडणाऱ्या स्वीपमध्ये, पन्नास-साठ हजार लिक्विड फंडात आणि उरलेले पोस्टात. आईवडिलांच्या खात्याची पद्धत बदलून घेतली. त्यासाठी दोघांच्या सह्या लागल्या, म्हणून वडील घरी परतल्यावर पहिल्याच आठवड्यात ते काम उरकले. पोस्टातले खाते निष्क्रिय होऊ नये म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, दहा तारखेच्या आत, शंभर रुपये भरून येतो आणि वर्षाचे व्याज ३१ मार्चला जमा झालेले असल्याने पासबुकही त्याच फेरीत छापून घेतो.